हॉट टब बसवण्यापूर्वी विजेचा आराखडा

बंगल्याची गच्ची, फार्महाऊसचे अंगण किंवा प्रशस्त सदनिकेची टेरेस यांच्या सजावटीत हॉट टबाचा विचार आता अनेक घरांत होऊ लागला आहे. टबाचा आकार, आसनांची संख्या, फवाऱ्यांची रचना यांवर कुटुंबात भरपूर चर्चा होते. विजेचा विचार मात्र टब दारात येऊन उभा राहिल्यावरच सुरू होतो. मग जवळच्या गिझरच्या पॉइंटवरून वायर ओढण्याचा सोपा मार्ग सुचवला जातो. पाणी, धातू, वीज आणि ओले मानवी शरीर एकत्र येणाऱ्या ठिकाणी हा सोपा मार्ग जिवावर बेतू शकतो. म्हणूनच टबाची मागणी नोंदवण्यापूर्वी विजेच्या कामाचा आराखडा कागदावर तयार असणे आवश्यक ठरते.

बाथटब आणि हॉट टब यांतील फरक

बोलीभाषेत दोन्हींना सरसकट ‘जकुझी’ म्हटले जाते. हे मूळचे इटलीतून अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या कुटुंबाचे आडनाव. कँडिडो जकुझी यांनी संधिवाताने आजारी असलेल्या मुलाच्या जलोपचारासाठी १९५६ च्या सुमारास टबात ठेवता येणारा पंप तयार केला आणि १९६८ मध्ये त्याच कुटुंबातील रॉय जकुझी यांनी फवारे अंगभूत असलेला टब बाजारात आणला.

न्हाणीघरातील फवाऱ्यांच्या बाथटबात पाणी बहुधा गिझरमधून येते आणि स्नानानंतर सोडून दिले जाते. विजेवर चालतो तो केवळ पंप. हॉट टबात मात्र तेच पाणी अनेक दिवस भरलेले राहते. ते गरम ठेवण्यासाठी हीटर, गाळण्यासाठी फिरता पंप, फवाऱ्यांसाठी मोठा पंप, बुडबुड्यांसाठी ब्लोअर आणि या सर्वांवर देखरेख करणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक अशी सामग्री त्यात असते. हॉट टब हे चोवीस तास वीजजोडणीवर असणारे उपकरण आहे, हे नियोजनाचे पहिले सूत्र.

भाराचे गणित

एक हजार लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यासाठी सुमारे १.१६ युनिट वीज लागते. पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांपर्यंत न्यायचे तर सुमारे १५ युनिट लागतील आणि ३ किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी पाच तास द्यावे लागतील. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत पाणी १५ अंशांवर असेल तर हाच आकडा जवळपास २७ युनिट आणि नऊ तासांवर जातो. वातावरणात जाणारी उष्णता यात धरलेली नाही. घट्ट बसणारे, उष्णतारोधक झाकण हा म्हणूनच वीजबिलाच्या दृष्टीने टबाचा अविभाज्य भाग मानावा.

आता एकूण भार पाहू. हीटर ३ किलोवॉट, पंप दीड किलोवॉट आणि ब्लोअर पाऊण किलोवॉट धरल्यास बेरीज सव्वापाच किलोवॉट होते. २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्यावर हा प्रवाह सुमारे २३ अँपिअर होतो. घरातील नेहमीचे मोठे सॉकेट १६ अँपिअरचे असते. त्यात तीन पिनांचा प्लग खुपसून असा टब चालवणे शक्य नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. त्याच वेळी २ किलोवॉटचा गिझर आणि दीड टनाचा वातानुकूलक सुरू असेल तर एकूण प्रवाह ४० अँपिअरच्या जवळ पोहोचतो.

त्यामुळे वीजबिलावरील मंजूर भाराचा आकडा प्रथम पाहावा. तो अपुरा असेल तर महावितरण किंवा मुंबईतील संबंधित वितरण कंपनीकडे भारवाढीचा, आणि गरज पडल्यास थ्री फेज जोडणीचा, अर्ज करावा. या मंजुरीसाठी लागणारा अवधी टबाच्या वेळापत्रकात धरावा. काही टबांच्या नियंत्रकात मोठा पंप चालू असताना हीटर आपोआप बंद ठेवण्याची सोय असते. पाणी तापण्यास वेळ लागतो, परंतु कमी भाराच्या जोडणीवर काम भागते. खरेदीपूर्वी विक्रेत्याला हा प्रश्न अवश्य विचारावा.

परदेशी बनावटीच्या टबाबाबत आणखी एक दक्षता हवी. अमेरिकेतील पुरवठा ६० हर्ट्झचा असतो आणि तेथील २४० व्होल्ट हे १२० व्होल्टच्या दोन तारांतून मिळतात. भारतात ५० हर्ट्झवर एक फेज आणि एक न्यूट्रल असे २३० व्होल्ट असतात. केवळ अमेरिकी पुरवठ्यासाठी बनवलेला टब येथे जोडल्यास पंपाची गती सुमारे एक षष्ठांशाने घटते, मोटर तापू शकते आणि १२० व्होल्टवर चालणारे भाग निकामी होतात. टबावरील पट्टीवर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असे लिहिलेले असल्याची खात्री करून घ्यावी.

स्वतंत्र वायर, मुख्य बोर्डापासून

टबासाठी मुख्य डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून निघणारे स्वतंत्र सर्किट हवे. त्यावर दिवा, पंखा, सॉकेट काहीही जोडू नये. वायरची जाडी प्रवाह आणि अंतर या दोहोंवर ठरते. ३ किलोवॉटच्या लहान टबाला वायरमन ज्याला ‘चार स्क्वेअर’ म्हणतात, ती ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सामान्यतः पुरते. सव्वापाच-सहा किलोवॉटला ६ चौरस मिलिमीटर घ्यावी. बोर्ड तळमजल्यावर आणि टब तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असेल तर अंतर सहज ३० मीटर होते. २६ अँपिअर प्रवाहाला ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एवढ्या अंतरात साडेसात व्होल्टहून अधिक घट होते; ६ चौरस मिलिमीटरमध्ये ती पाच व्होल्टच्या आसपास राहते. एकाच पाइपातून अनेक वायर नेल्यास किंवा पाइप उन्हात तापत असल्यास वायरची क्षमता घटते, तेव्हा वरची जाडी निवडणे श्रेयस्कर.

हे काम फरशी आणि वॉटरप्रूफिंगपूर्वी व्हायला हवे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर वायरसाठी झिरी मारणे म्हणजे पुढील पावसाळ्यात गळतीला आमंत्रण.

एमसीबी वायर वाचवते, आरसीसीबी माणूस

या संपूर्ण आराखड्यातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वाधिक दुर्लक्षित बाब ही आहे. बोर्डात एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे, असा समज सुशिक्षित घरांतही आढळतो. ३२ अँपिअरची एमसीबी वायरमधून प्रमाणाबाहेर प्रवाह गेल्यावर किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर तुटते. मनुष्याच्या हृदयाची लय बिघडण्यास मात्र ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह धोकादायक मानला जातो. ३२ अँपिअर हा त्याच्या हजारपटीहून अधिक आहे. ओल्या शरीराचा रोध एक हजार ओहमच्या आसपास धरला तरी २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. तो प्राणघातक आहे आणि एमसीबीला त्याची दखलही लागणार नाही.

आरसीसीबी हे उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. दोहोंत फरक पडला म्हणजे प्रवाह अन्य मार्गाने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत जात आहे. असे होताच ते क्षणार्धात पुरवठा तोडते. या तत्त्वावरील अमेरिकी उपकरण बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये विकसित केले. जलतरण तलावातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी अमेरिकेच्या विद्युत संहितेने ते १९६८ मध्ये बंधनकारक केले.

टबासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेची स्वतंत्र आरसीसीबी बसवावी. संपूर्ण घराच्या मुख्य आरसीसीबीवर विसंबू नये, कारण अनेक घरांत ती १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची असते. वायरींना आगीपासून वाचवण्यास ती उपयुक्त असली तरी शॉकपासून जीव वाचवण्यास अपुरी आहे. आरसीसीबी अतिभारापासून संरक्षण देत नाही, म्हणून तिच्या जोडीला एमसीबी हवी. दोन्ही कामे एकत्र करणारी आरसीबीओही मिळते. टबात इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असल्याने ‘ए’ प्रकारची आरसीसीबी निवडणे योग्य. टबाचा न्यूट्रल याच आरसीसीबीतून गेला पाहिजे. तो अन्य सर्किटच्या न्यूट्रलशी जोडला गेल्यास उपकरण विनाकारण तुटत राहते.

आरसीसीबी वारंवार तुटू लागली की ‘तिला बायपास करा’ असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा हीटरच्या एलिमेंटमध्ये पाणी शिरल्याची किंवा जोड ओला झाल्याची ती सूचना असते. दोष सापडेपर्यंत टब बंद ठेवणे हेच त्यावरील उत्तर.

अर्थिंग आणि धातूंची जोडणी

आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असे नाही. अर्थिंग असेल तर दोष निर्माण होताच गळणारा प्रवाह अर्थच्या तारेतून जाईल आणि कोणी हात लावण्यापूर्वीच पुरवठा बंद होईल. अर्थिंग नसेल तर आरसीसीबीला गळती समजण्यासाठी आधी कोणाला तरी शॉक बसावा लागेल.

कोकणातील जांभा आणि पठारावरील काळा पाषाण यांत अर्थिंग सहज चांगले होत नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्यावर रोध आणखी वाढतो. समजा, अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. फेजची तार टबाच्या धातूच्या सांगाड्याला लागली तर २३ अँपिअर प्रवाह वाहील. ३२ अँपिअरची एमसीबी तुटणार नाही आणि सांगाडा जवळपास पूर्ण दाबाने जिवंत राहील. अर्थच्या खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घ्यावा आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे. जुन्या इमारतींत अर्थची तार उपलब्ध नसल्यास न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडण्याची पद्धत आढळते. न्यूट्रल तुटताच टबाचा संपूर्ण धातू जिवंत होत असल्याने ती कटाक्षाने टाळावी.

टबात बसलेल्या व्यक्तीच्या हाताला लागू शकणारे स्टीलचे रेलिंग, ग्रिल, धातूचे नळ आणि टबाचा सांगाडा हे सर्व तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि त्याच अर्थला जोडावे. सर्व धातू एकाच दाबावर असले की एक हात रेलिंगला आणि शरीर पाण्यात असूनही त्यांच्यामधून प्रवाह वाहण्यास कारण उरत नाही.

अंतर, पाऊस आणि वजन

टब त्वरित बंद करता यावा म्हणून त्याच्या दृष्टिपथात स्वतंत्र आयसोलेटर स्विच असावा. परंतु पाण्यात बसून त्याला हात लागता कामा नये. अमेरिकी संहितेचे कलम ६८० यासाठी किमान पाच फुटांचे अंतर सांगते आणि सॉकेट टबापासून किमान सहा फूट दूर ठेवण्यास सांगते. हेच अंतर येथेही पाळणे हिताचे. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचेच असावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर टबापासून दूर असावा. मोबाइलचा चार्जर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड टबाच्या काठावर आणू नये.

उघड्यावरील स्विच आणि जोडपेट्या आयपी ५५ किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या असाव्यात आणि वायर पेटीत खालच्या बाजूने शिरावी. कोकणच्या खाऱ्या हवेत जोड लवकर गंजतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यांची तपासणी व्हावी. विजा चमकत असताना टब वापरू नये.

टबाची जागा वजनावरही ठरते. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, शिवाय टब आणि माणसे. पाऊण मीटर खोल पाण्याचाच भार दर चौरस मीटरला ७५० किलो होतो, तर वापरातील गच्चीसाठी भारतीय मानकात धरला जाणारा भार सुमारे १५० किलो आहे. स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या आणि सदनिकेत सोसायटीच्या लेखी संमतीनंतरच जागा निश्चित करावी आणि मग वायरचा मार्ग आखावा.

काम कोणी करावे, चाचणी कोणती

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. त्यांनुसार असे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे लागते. काम पूर्ण झाल्यावर मेगरने वायरींचा इन्सुलेशन रोध तपासावा. तो किमान १ मेगओहम असावा. अर्थची सलगता आणि आरसीसीबी किती मिलिअँपिअरला व किती वेळात तुटते, हेही उपकरणाने मोजून चाचणी अहवाल लेखी घ्यावा.

टबात पाणी भरण्यापूर्वी हा अहवाल हाती असावा. त्यानंतर आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबूनही ती तुटली नाही तर ती बदलेपर्यंत टबाचा वापर बंद ठेवावा.