मैदानावर आणि मंडळावर

मंडळाच्या स्मरणिकेत एका परदेशी खेळाडूचे चरित्र कशासाठी, असे काही भगिनींना वाटेल. परंतु फॅरा पामर ह्या बाईंची हकीकत मी जसजशी वाचीत गेले, तसतशी ती आपणासाठीही आहे अशी माझी खात्री झाली.

बाई न्यूझीलंडच्या. ह्या देशात १८९३ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला. स्वयंशासित देशांत तो मान पहिला. त्याच्या आदल्याच वर्षी तेथील रग्बी संघटना स्थापन झाली होती. पंधरा-पंधरा गडी, लांबट चेंडू, तो हाताने पुढे फेकावयाचा नाही आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला कवळून खाली पाडावयाचे, असा हा धसमुसळा खेळ. हा बायकांचा खेळ नव्हे, असेच पुष्कळांना वाटे. १९९१ साली कार्डिफला स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, ती आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेवाचून! मान्यतेने भरलेली पहिली स्पर्धा १९९८ सालची, अ‍ॅम्स्टरडॅमची.

फॅरा पामर ह्यांचा जन्म १९७२ चा, माओरी कुळातला. १९९६ साली त्या राष्ट्रीय संघात आल्या आणि पुढल्याच वर्षी कर्णधार झाल्या. त्यांची जागा 'हुकर'ची. दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा भिडवून रेटा देतात, तेव्हा पहिल्या रांगेत मधोमध वाकून हुकरने पायाने चेंडू मागे ओढावयाचा. १९९८, २००२ आणि २००६ असे तीन विश्वचषक त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने जिंकले. कर्णधार असताना त्यांनी हार पाहिली ती एकदाच, २००१ साली, इंग्लंडकडून. पुढल्याच वर्षी बार्सिलोनाच्या अंतिम सामन्यात त्याच इंग्लंडला त्यांनी १९-९ असे हरविले. मधल्या काळात, २००० साली, माओरी मुली व खेळ ह्या विषयावर त्यांनी डॉक्टरेटही मिळविली.

ह्याहूनही मोठा विजय मला पुढचा वाटतो. २०१६ साली राष्ट्रीय रग्बी संघटनेच्या संचालक मंडळावर डॉ. पामर निवडून आल्या. त्या मंडळावरील त्या पहिल्या स्त्री. म्हणजे संघटनेच्या स्थापनेनंतर मताधिकार मिळावयास एक वर्ष लागले, आणि तिच्या मंडळावर खुर्ची मिळावयास एकशे चोवीस! सामना मैदानावर जिंकता येतो. पण सामने किती भरवावे, पैसा कोणावर खर्चावा, हे टेबलाभोवती बसणारेच ठरवितात. २०२३ साली त्यांना 'डेम' हा किताब मिळाला.

आपल्या गावच्या शाळासमितीत, पतपेढीत, देवस्थानाच्या विश्वस्तांत पहिले स्त्रीनाव कोणत्या साली आले? मंडळाने हे एकदा जुन्या दप्तरांतून शोधून लिहून ठेवावे, अशी माझी भगिनींना विनंती आहे. जेथे ते नाव अजून आलेच नाही, तेथली जागा कोरी ठेवावी, म्हणजे ती डोळ्यांना खुपत राहील.