एकाच घरातील दोन झेंडे : काटेवाडी, १९६०

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील मारुतीमुळे. पवार घराण्यातील उमेदवार निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ याच मारुतीपुढे फोडतात. मारुती एक, घराणे एक. म्हणून त्या घरातील मतेही सदैव एकच असतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही.

कन्हेरीच्या शेजारचे गाव काटेवाडी. तुकोबांची पालखी येते तेव्हा मेंढ्यांचे रिंगण होते, तेच हे. या गावच्या गोविंदराव पवारांच्या घरात राजकारणाचा प्रवेश झाला तो पुरुषामुळे नव्हे. त्यांच्या पत्नी शारदाबाई पुण्याच्या सेवासदनात शिकलेल्या. १९३८ मध्ये त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. खेड्यातील एका गृहिणीने जिल्ह्याच्या कारभारात बसावे, ही त्या काळी अपूर्वाईचीच गोष्ट होती. १२ डिसेंबर १९४० रोजी त्यांना पुत्र झाला. योगायोग असा, की शारदाबाईंचा स्वतःचा जन्मदिवसही तोच. अवघ्या तीन दिवसांचे ते बाळ घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीसाठी पुण्याला गेल्या. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, आणि रस्ते त्या काळचे! ते बाळ म्हणजे शरद पवार. ही हकीकत त्यांनीच पुढे सांगितलेली आहे.

शारदाबाईंचा ओढा शेतकरी कामगार पक्षाकडे होता. घरातील वातावरणही बव्हंशी त्याच विचाराचे. अशा घरातील एका मुलाने १९५८ मध्ये, पुण्यात महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना, काँग्रेसची वाट धरली. घरात मतभेद उत्पन्न झाला, पण तो केवळ बोलण्यापुरता होता. कसोटी दोन वर्षांनी आली.

बारामतीचे काँग्रेसचे खासदार केशवराव जेधे नोव्हेंबर १९५९ मध्ये निवर्तले. सत्यशोधक चळवळीतून पुढे आलेल्या जेध्यांनी शंकरराव मोरे यांच्यासह शेकापची उभारणी केली होती. पुढे १९५४ मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट असतानाही त्यांनी बारामती जिंकली होती. १९६० च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव यांना उभे केले. समोर समितीच्या पाठिंब्यावर शेकापचे उमेदवार होते वसंतराव पवार, म्हणजे शारदाबाईंचेच चिरंजीव आणि शरदरावांचे वडील बंधू. शेकापच्या संस्थापकाचा पुत्र काँग्रेसचा उमेदवार, आणि त्याच्याविरुद्ध शेकापचा झेंडा घेऊन काटेवाडीचे घर! असा विलक्षण सामना क्वचितच होतो.

विशीच्या उंबरठ्यावरील धाकट्या भावापुढील पेच उघड होता. पक्षाशी निष्ठा राखावी तर सख्ख्या भावाविरुद्ध मते मागावी लागणार. भावाच्या मागे जावे तर नुकत्याच स्वीकारलेल्या विचाराला अर्थ उरणार नाही. घरी आजारपणाचे निमित्त सांगून पुण्यात बसून राहणे सोपे होते. हा पेच सोडवला तो वसंतरावांनी. तू काँग्रेसचा विचार पत्करला आहेस, तेव्हा माझ्याविरुद्ध प्रचार करण्यास संकोच करू नकोस, अशा आशयाचे त्यांनी धाकट्याला सांगितले. उमेदवाराने स्वतःच्या घरातील एक प्रचारक प्रतिपक्षाला देऊन टाकावा, हे औदार्य लहान नव्हे. या प्रसंगाची कथा सांगताना बहुधा धाकट्याच्या निष्ठेचे कौतुक होते. वस्तुतः अधिक श्रेय थोरल्याचे आहे, कारण किंमत त्याला मोजावी लागणार होती.

शरदरावांनी काँग्रेसचा प्रचार केला. गुलाबराव जेधे विजयी झाले, वसंतराव पराभूत झाले. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही बारामतीने पुन्हा गुलाबरावांनाच लोकसभेत पाठवले. आणि १९६७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बारामतीतून विधानसभेवर निवडून गेला तो वसंतरावांचा हाच धाकटा भाऊ, काँग्रेसच्या तिकिटावर.