मुंतखब वाचता न आल्यास

चकलांब्यासारख्या गावात मशिदीच्या जमिनीचा तंटा निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: 'गेवराईच्या कोर्टात दावा टाकू.' मी उर्दू-मराठीचा शिक्षक. लोक जुने उर्दू कागद वाचून घ्यायला येतात, म्हणून हे वाक्य कितीदा तरी ऐकलं आहे. पण या तंट्याचा दरवाजा बहुतेक वेळा तिकडे नसतोच.

याचं मूळ निजामी अमलात आहे. तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. मशीद, दर्गा, मंदिर, सगळ्यांच्या मिळकतींवर 'उमूरे मजहबी' या एकाच खात्याची देखरेख असे. (आज हे सांगितलं की दोन्हीकडच्या लोकांना नवल वाटतं.) इमामत, मुजावरी अशा सेवेसाठी दिलेली जमीन म्हणजे खिदमतमाश आणि तिचा दाखला म्हणजे मुंतखब.

संस्थान गेलं, कागद राहिले. १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याने इनामांचे निवाडे महसुली अधिकाऱ्यांकडे दिले आणि ते अंतिम ठरवले. वारस कोण, तलाक झाला का, असे प्रश्न मात्र दिवाणी न्यायालयाचे राहिले. पुढे वाटा फुटल्या. मंदिराच्या विश्वस्त संस्था मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे गेल्या. त्याच्या कलम ८० नेही दिवाणी न्यायालयाला बरंच दूर ठेवलं आहे. म्हणजे ही अडवणूक फक्त आपल्यासाठी आहे, ही तक्रार खरी नाही.

मराठवाड्यातल्या वक्फांना १९५४ चा वक्फ कायदा लागू झाला. त्यात वक्फांच्या यादीविरुद्ध वर्षभरात दिवाणी दावा करता येई. १९९५ च्या कायद्याने ते काम न्यायाधिकरणाकडे दिलं आणि कलम ८५ ने दिवाणी दार लावलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रमेश गोबिंदराम' निकालात भाडेकरू काढण्याच्या दाव्यांपुरतं ते किलकिलं केलं; २०१३ च्या दुरुस्तीने तीही फट बुजवली. २०२५ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाच्या निकालावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील ठेवलं.

मला स्वतःला ही शेवटची गोष्ट पटते. एकाच पायरीवर सगळं संपवणं गरिबाला परवडत नाही. तक्रार आहे ती अंतराची: गेवराईला सकाळी जाऊन दुपारी परतता येतं, औरंगाबादच्या न्यायाधिकरणाच्या तारखेला अख्खा दिवस आणि मजुरी जाते.

म्हणून जो येतो त्याला मी आधी मुंतखबातले दोन शब्द शोधायला लावतो: 'मशरूत-उल-खिदमत', सेवेच्या अटीवर. हे शब्द सापडले की जमीन घराण्याची खासगी मालमत्ता म्हणून विकण्याचा दावा डळमळतो. इनाम रद्द होऊन पट्टा मिळाला तरी वक्फ संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 'सय्यद अली' प्रकरणात १९९८ मध्ये म्हटलंय. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे त्यानंतर बघायचं.