पावसासाठी न बांधलेला बंगला

मी मूळचा सांगलीचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आज बोलूया महाबळेश्वरच्या ब्रिटिश बंगल्यांबद्दल.

१८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली, बदल्यात खंडाळा गाव दिलं. तिथल्या पेठेला नाव पडलं माल्कमपेठ. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथे बंगले वाढत गेले. इंग्लंडमधला जमीनदार गावाबाहेर मोठं घर बांधायचा ना, त्याचीच ही डोंगरावरची आवृत्ती. उतरतं छप्पर, शेकोटीचं धुराडं, पुढे बाग. १८६४ चा फ्रेअर हॉल बघा. दगडी चौकटींच्या खिडक्या, त्रिकोणी दर्शनी भिंती, सगळं थेट तिकडचं.

पण दगड इथला, जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक होतो. मात्र तो सच्छिद्र, पाणी पितो. आणि महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! मग उपाय काय? सीझन संपला की भिंतींना गवताच्या ताट्या बांधायच्या. म्हणजे साहेबाच्या बंगल्याला चार महिने गवताचा रेनकोट. साहेब तोवर पुण्यात. ताट्या बांधणारे आणि मागे राहणारे हात मात्र इथल्याच माणसांचे.

म्हणजे ही घरं मुळात उन्हाळ्यापुरती. पाऊस आला की निघून जायचं, हेच त्यांचं डिझाईन.

आता हे मला का खुपतं, सांगतो. महाबळेश्वरला पडलेलं पाणी कृष्णेतून आमच्या सांगलीला येतं. आम्हाला कुठे निघून जाता येतं? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आजोबांच्या जुन्या वाड्याचं जोतं सहा पायऱ्यांचं, ते पाडून आम्ही दोन पायऱ्यांचं नवं घर बांधलं होतं. गाडी आत लावता यावी म्हणून!

बंगला बघायला जाल तेव्हा खिडक्यांचे फोटो जरूर काढा. पण एक प्रश्नही विचारा, हे घर कोणत्या ऋतूसाठी बांधलंय? मी तो आमच्या घराला विचारला. यंदा दुरुस्ती काढलीये. बाबा म्हणतात, गाडी बाहेर राहील, चालेल. पायऱ्या सहाच करायच्या.

भेटू पुढच्या भागात.