कापसाचा भाव आणि भूमीचा जमाखर्च

परदेशाशी व्यापार वाढला म्हणजे देशाची संपत्ती वाढते, हा सिद्धांत आपण शालेय पुस्तकांतून शिकत आलो. तो असत्य नाही. परंतु अपूर्ण मात्र खास आहे. व्यापाराच्या वहीत मालाची किंमत, हुंडणावळ, दलाली व वाहतूक ह्यांची नोंद होते. त्या मालापायी झिजलेली माती, तुटलेली झाडे आणि नांगराखाली गेलेले गायरान ह्यांची नोंद होत नाही. ही नोंद राहून गेली म्हणजे काय घडते, हे पाहण्यास दूर जावयास नको. एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

इ. स. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या कारभाराखाली आला. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. ह्या दोन घटनांचा परस्परसंबंध पुढे स्पष्ट झाला. इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या गिरण्यांस लागणारा सुमारे चार-पंचमांश कापूस त्या काळी अमेरिकेतून येत असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. आखूड धाग्याचा म्हणून एरवी नाक मुरडले जाई, त्या आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, अशा आख्यायिका त्या काळी पसरल्या होत्या.

१८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले व भाव कोसळले. त्याच वर्षी १ जुलै रोजी मुंबईच्या शेअरबाजारात हाहाकार उडाला आणि नामांकित पेढ्या बुडाल्या. हा भाग पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु पेढी बुडाली तरी पेरा मागे फिरत नाही, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७० मध्ये खामगावास व १८७१ मध्ये अमरावतीस रेल्वेचे फाटे गेले. समुद्राखालील तारेमुळे लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात थोड्याच अवधीत कळू लागला. सरकारास सारा रोख हवा होता व सावकारास व्याज. रोख पैसा देणारे पीक एकच, ते म्हणजे कापूस.

आता ह्याची दुसरी बाजू पाहू. ज्वारीच्या पिकात कणीस माणसाचे व कडबा गुरांचा, अशी पूर्वापार वाटणी होती. कापसापासून सरकी मिळाली तरी कडबा मिळत नाही. पेरा वाढविण्यासाठी पडीत जमीन व चराईची राने फोडली गेली. दुसरीकडे लोहमार्गास लाकडी स्लीपर हवे होते. एका मैलास ते सतराशेहून अधिक लागत. इमारती लाकडाची अशी निकड भासू लागल्यावर सरकारने १८६४ साली जंगल खाते स्थापिले, १८६५ व १८७८ साली कायदे केले आणि उरलेल्या जंगलाभोवती मर्यादा घातल्या. जंगलरक्षणाची आवश्यकता होती, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्यांचे सरपण, चारा व मोहफुले त्या रानावर अवलंबून होती, त्यांच्या वाट्यास मात्र दंड आला. सरपण दुर्मिळ झाले म्हणजे शेण चुलीत जाते. शेण चुलीत गेले म्हणजे शेत उपाशी राहते. अशा रीतीने एकेक साखळी तुटत गेली.

जुन्या गावांत धान्याची पेवे असत. सुकाळातील ज्वारी जमिनीच्या पोटात साठवून दुष्काळात ती काढावयाची, ही आपल्या पूर्वजांची विमायोजना होती. पैशाच्या पिकाने ती मोडकळीस आणली.

१८९६-९७ साली पावसाने ओढ दिली आणि १८९९-१९०० साली तर छप्पनचा भीषण दुष्काळ पडला. चाऱ्यावाचून गुरे पटापट मेली. आगगाडीने धान्य येऊ शकत होते. परंतु ते विकत घेण्यास मजुराच्या हाती दाम नव्हता. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास भरली. वहीत न लिहिलेली रक्कम अशी एकदम वसूल झाली.

ह्यावरून व्यापार त्याज्य आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ह्याच कापसाने अमरावती, अकोला, खामगाव ही गावे नावारूपास आणली. १८७७ साली जमशेटजी टाटा ह्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, ती ह्याच कापसाच्या जवळिकीमुळे. दोष व्यापाराचा नव्हे. अपुऱ्या हिशेबाचा होय.

जगास हे ध्यानी येण्यास पुढे शतक लागले. पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध न आणता आजच्या गरजा भागविणे म्हणजे शाश्वत विकास, अशी व्याख्या १९८७ साली ब्रुन्टलांड आयोगाने केली. प्रदूषण करणाराने त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यात आले. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तिच्या करारनाम्याच्या प्रस्तावनेतही शाश्वत विकासाचा उल्लेख आहे. शब्द लिहिले गेले; परंतु बाजाराच्या फलकावर मातीची झीज अद्यापि दिसत नाही.

आपल्या ज्ञातीतील कुटुंबे शेती, व्यापार व नोकरी अशा तिन्ही क्षेत्रांत विखुरलेली आहेत. ज्यांची गावी जमीन आहे त्यांनी कापसाशेजारी ज्वारी-तुरीच्या ओळी राखाव्यात. वऱ्हाडात ज्यास ‘ई क्लास’ म्हणतात ते गायरान वाचविण्यासाठी ग्रामसभेत उभे राहावे. जे व्यापारात आहेत त्यांनी माल कोणत्या मातीतून आला, ह्याची चौकशी करावी. पूर्वज पेवात धान्य ठेवून गेले. आपण पुढच्या पिढीसाठी काय ठेवणार, ह्याचा विचार प्रत्येक घराने करावा, एवढीच विनंती.