‘अँजायना’ या संज्ञेतील आघात

तीन वा अधिक अक्षरांच्या लॅटिन शब्दात आघाताचे स्थान उपान्त्य अक्षरावरून ठरते. ते गुरू असल्यास आघात त्यावर, लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर पडतो. मराठी छंदःशास्त्राच्या अभ्यासकास हा गुरुलघुविचार परका वाटू नये. त्याचा विसर पडला म्हणजे काय होते, हे ‘अँजायना’ या संज्ञेत दिसते.

ग्रीक ‘आंखोने’ म्हणजे गळा आवळणे. लॅटिनमध्ये त्याचे ‘आंगिना’ झाले व घशाच्या दाहास ते नाव पडले. मधला ऱ्हस्व स्वर दुर्बळ होऊन ऱ्हस्व इकार बनला. डोरिक ‘माखना’पासून यंत्रवाचक ‘माखिना’ झाले ते याच रीतीने. म्हणजे येथे ‘-ईना’ हा प्रत्यय नव्हेच, आणि आघात पहिल्या अक्षरावर हवा. परंतु ‘व्हजायना’च्या मूळ रूपात उपान्त्य ईकार खरोखर दीर्घ आहे. अशा शब्दांच्या ओढीने ‘आंगिना’तील इकारही दीर्घ मानला गेला असावा. इंग्रजीत त्या साघात स्वराचा ‘आय’ झाला.

१७६८ मध्ये विल्यम हेबर्डन यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे छातीतील आवळत्या वेदनेचे वर्णन करून तीस ‘अँजायना पेक्टोरिस’ म्हटले. घशाचा शब्द असा छातीत उतरला.

मराठीने तो इंग्रजीमार्गे घेतल्याने चुकीच्या आघाताची खूण असलेला ‘आय’ येथेही आला. ‘रेटिना’त आघात पहिल्या अक्षरावर राहिला, म्हणून तेथे इकार शाबूत आहे. इंग्रजीत ‘अँजिना’ असा आद्याघाती उच्चारही आढळतो. त्यास अशुद्ध म्हणण्याची घाई करू नये. व्युत्पत्तीस धरून असलेला उच्चार तोच होय.