पदवीचे श्रेयांक आणि त्यांचे हस्तांतरण

एका विद्यापीठात पूर्ण केलेले शिक्षण दुसऱ्या विद्यापीठाने आपल्या पदवीसाठी ग्राह्य धरावे किंवा नाही, याचा निर्णय भारतात प्रदीर्घ काळ ज्या त्या विद्यापीठाच्या स्वेच्छेवर अवलंबून होता. केंद्र सरकारच्या सेवेतील, सैन्यदलातील किंवा बँकेतील पालकांची बदली झाली की महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांपुढे स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती यांची जमवाजमव करण्याचे काम उभे राही. त्यानंतर नव्या विद्यापीठाची समिती दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून समकक्षता तपासत असे. नागपूरची द्वितीय वर्ष कला शाखा आणि भोपाळची द्वितीय वर्ष कला शाखा यांत विषयांची नावे जुळली तरी प्रश्नपत्रिकांची विभागणी जुळेलच, याची शाश्वती नसे. या प्रक्रियेत वर्ष वाया जाणे ही दुर्मीळ बाब नव्हती. शिक्षणाचे मोजमाप 'वर्ष' या एककात होत होते आणि वर्ष ही वस्तू तुकड्यातुकड्याने हस्तांतरित करता येत नाही, हे या अडचणीचे मूळ होते.

क्रेडिट अर्थात श्रेयांक हे त्याहून लहान एकक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदवी अभ्यासक्रमविषयक आराखड्यानुसार एका सत्रात १५ तासांचे व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक होय. प्रयोगशाळेतील कामासाठी हेच प्रमाण ३० तासांचे आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात स्वाध्यायासह एकूण ३० तासांचे अध्ययन एका श्रेयांकाबरोबर मानण्यात आले असून वर्षाला १२०० तास, म्हणजे ४० श्रेयांक, असा हिशेब मांडण्यात आला आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० श्रेयांक लागतात.

श्रेयांक आणि श्रेणी यांची अनेकदा गल्लत केली जाते. श्रेयांक हा विद्यार्थ्याने किती शिक्षण घेतले, हे सांगतो. ते कितपत चांगले घेतले, हे श्रेणीवरून कळते. उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला, मग तो काठावर असो वा प्रथम क्रमांकावर, त्या विषयाचे श्रेयांक सारखेच मिळतात. सरासरी काढताना मात्र दोहोंचा गुणाकार होतो. चार श्रेयांकांच्या विषयात ८ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ६ श्रेणीगुण मिळाल्यास ३२ आणि १२ यांच्या बेरजेला ६ ने भागून सरासरी ७.३३ येते. मोठ्या विषयातील यशापयशाचा भार म्हणूनच अधिक असतो.

केवळ परीक्षा घेऊन पदवी देण्याची परंपरा श्रेयांकांहून जुनी आहे. १८३६ मध्ये सनद मिळालेले लंडन विद्यापीठ हे परीक्षा घेणारे विद्यापीठ होते, आणि १८५८ च्या सनदेने कोणत्याही संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्या उमेदवारांनाही त्याच्या परीक्षा खुल्या झाल्या. १८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे याच नमुन्यावर बेतलेली होती. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली. अध्यापन महाविद्यालयाचे आणि परीक्षा विद्यापीठाची, अशी ती विभागणी होती. पुढील काळात महाराष्ट्रात रूढ झालेली बहिःस्थ परीक्षार्थींची पद्धत या व्यवस्थेशी नाते सांगते. नोकरी सांभाळून पदवीधर झालेल्या कित्येक पिढ्यांना तिचा आधार मिळाला.

श्रेयांकाचा उगम मात्र अमेरिकेतील आहे. तेथे १९०६ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाची योजना राबविताना माध्यमिक शिक्षण मोजण्यासाठी सुमारे १२० तासांचे एकक प्रचारात आणले. निवृत्तिवेतनाचा लाभ हवा असलेल्या महाविद्यालयांनी प्रवेशासाठी हे माप स्वीकारले आणि तासांवर आधारित मोजणीचा पाया पक्का झाला. निवृत्तिवेतनाच्या एका योजनेतून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेचे रूप ठरावे, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या श्रेयांक पेढीची नियमावली अधिसूचित केली. या पेढीत विद्यार्थ्याचे खाते असते. परंतु खात्यात भरणा करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही. श्रेयांक देणारी संस्थाच त्यांची नोंद करते. पेढी विद्यार्थ्याकडून कोणतीही कागदपत्रे थेट स्वीकारत नाही. जमा श्रेयांक कमाल सात वर्षे वैध राहतात आणि एकदा एखाद्या पदवीसाठी वापरले की दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत. पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांक आणि चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, तर दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांकांवर याच पद्धतीने पदविका देण्याची तरतूद आहे. अशा विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परतून, एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करता येते.

हस्तांतरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, आणि बहुधा सर्वांत कमी वाचली जाणारी अट निराळीच आहे. पदवीसाठी आवश्यक असलेल्या श्रेयांकांपैकी किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या विद्यापीठातून किंवा स्वायत्त महाविद्यालयातून मिळविलेले असले पाहिजेत. तीन वर्षांच्या पदवीसाठी हा आकडा ६० होतो. समजा, एका विद्यार्थिनीने पहिल्या विद्यापीठात चार सत्रांत ८० श्रेयांक मिळविले आणि तिसऱ्या वर्षी ती दुसऱ्या विद्यापीठात दाखल झाली. तेथील दोन सत्रांत तिने ४० श्रेयांक मिळविल्यावर बेरीज १२० होते. मात्र नव्या विद्यापीठाच्या खात्यावर ४० च जमा असतात. उरलेल्या २० श्रेयांकांसाठी तिला सर्वसाधारण गतीने आणखी एक सत्र शिकावे लागेल आणि आधीच्या ८० पैकी २० श्रेयांक पदवीच्या हिशेबात अतिरिक्त ठरतील. हीच विद्यार्थिनी तीन सत्रांनंतर गेली असती, तर एकही श्रेयांक वाया गेला नसता. विद्यापीठ बदलण्याची वेळ ठरविणे हातात असेल, त्यांनी हे गणित आधी करणे हिताचे आहे. ज्यांच्या पालकांची बदली मध्येच होते, त्यांना ही सवलत नसते, हेही खरे.

पेढीत श्रेयांक असणे म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. रिक्त जागा, प्रवेश परीक्षा, आरक्षण आणि शुल्क यांविषयीचे त्या त्या संस्थेचे नियम लागू राहतात. वैद्यकीय, विधी आदी शाखांत संबंधित नियामक संस्थांची बंधनेही पाळावी लागतात. अभियांत्रिकीत तंत्रनिकेतनाच्या पदविकाधारकांना थेट द्वितीय वर्षात प्रवेश देण्याची पद्धत महाराष्ट्रात श्रेयांक पेढीच्या कितीतरी आधीपासून रुळलेली आहे. आधीच्या शिक्षणाला दिलेले हे श्रेयच होय, फक्त ते एकगठ्ठा दिले जाते.

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या बाबतीत आयोगाची पहिली नियमावली २०१६ मध्ये आली. त्या वेळी एका सत्रातील २० टक्के विषयांपर्यंत असे अभ्यासक्रम ग्राह्य धरण्याची मुभा होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. केवळ चित्रफिती पाहून श्रेयांक मिळत नाहीत. स्वाध्याय पूर्ण करून नियुक्त केंद्रावरील सत्रान्त परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठाने मान्य केलेल्या यादीत आहे किंवा नाही, हे नोंदणीपूर्वीच पाहणे आवश्यक असते. परीक्षेनंतर केलेली विनंती महाविद्यालय मान्य करीलच, असे नाही.

परीक्षेतून श्रेयांक मिळविण्याची पद्धत अमेरिकेत अधिक विस्तारलेली आहे. कॉलेज बोर्डाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षा शालेय विद्यार्थी देतात आणि त्यांत १ ते ५ असे गुणांकन होते. याच संस्थेची १९६७ मध्ये सुरू झालेली 'क्लेप' परीक्षा नोकरदार प्रौढांनाही खुली असून तिच्या २० ते ८० या मापात ५० गुणांवर श्रेयांक द्यावेत, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. अंतिम निर्णय महाविद्यालयाचा असतो. एका विद्यापीठात ३ गुणांवर मिळणारे श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात ५ गुणांवरही मिळत नाहीत. काही ठिकाणी श्रेयांक मिळतात, पण ते मुख्य विषयात न धरता ऐच्छिक विषयांच्या रकान्यात टाकले जातात. अशा वेळी गुणपत्रिकेवरील बेरीज वाढते आणि पदवीचा कालावधी तेवढाच राहतो.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आकड्यांची थेट तुलना टाळावी, हे उत्तम. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला सर्वसाधारणपणे १२० श्रेयांक लागतात, तर भारतात तेवढेच तीन वर्षांत मिळतात. युरोपात १९८९ पासून विकसित झालेल्या हस्तांतरण पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असून प्रत्येकामागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरले जाते. त्यामुळे भारतातील ४० श्रेयांक हे युरोपातील ४० श्रेयांकांशी नव्हे, तर एका वर्षाच्या अभ्यासाशी ताडून पाहावे लागतात. परदेशी विद्यापीठे केवळ संख्येवर न जाता विषयवार तपशील, अध्यापनाचे तास आणि अभ्यासक्रमाची रूपरेषा मागवतात. भारतीय आणि परदेशी संस्थांच्या संयुक्त पदवीसाठी मात्र आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने दोन्ही संस्थांतून प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक मिळविणे बंधनकारक केले आहे.

संस्था बदलण्यापूर्वी आधीच्या महाविद्यालयाने सर्व सत्रांचे श्रेयांक पेढीत जमा केल्याची खात्री विद्यार्थ्याने स्वतः करून घ्यावी. आधार ओळखपत्रावरील नाव आणि महाविद्यालयाच्या नोंदीतील नाव सारखे असावे. महाराष्ट्रातील अनेक गुणपत्रिकांवर आडनाव प्रथम आणि वडिलांचे नाव शेवटी लिहिले जाते, आधारवर मात्र क्रम वेगळा असू शकतो. ही तफावत मूळ संस्थेकडे अर्ज करून दूर करून घ्यावी लागते, आणि विद्यार्थी त्या शहरात असेपर्यंत हे काम तुलनेने सोपे असते.